कारागिरी हातात, मापं वहीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना मोबाइल फोन पडून आहे. त्याची काच फुटलेली नाही, बॅटरी अजून दिवसभर टिकते, आवाजही खणखणीत आहे. तरी तो निकामी झाला आहे. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, नवी त्यावर चढत नाही आणि जुनीवर बँकेचं ॲप चालत नाही. त्याच टेबलावर या फोनच्या दुप्पट वयाचा एक संगणक आहे. त्यावर मात्र अगदी अलीकडची लिनक्स प्रणाली बिनबोभाट चालते. दोन्ही यंत्रं धडधाकट. मग एक कामाचं आणि दुसरं अडगळीचं का?

उत्तराचा मोठा भाग पन्नास वर्षं जुन्या एका प्रश्नात दडलेला आहे. सर्व यंत्रांना समान असलेलं ज्ञान कुठे लिहायचं आणि एकट्या यंत्राचा तपशील कुठे लिहायचा, हा तो प्रश्न. ऐकायला तो हिशेबनिसाचा वाटतो, पण त्याने कंपन्या बुडवल्या आहेत आणि तारल्याही आहेत.

आपल्या लहानपणचा शिंपी आठवा. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि मशीनच्या खणात मापांची वही. शर्ट कसा शिवायचा हे त्याच्या हातात असायचं. छाती, बाही, उंची हे सगळं वहीत. नवं गिऱ्हाईक आलं की वहीत एक पान वाढायचं, शिवणकाम पुन्हा शिकावं लागायचं नाही. आता असा शिंपी कल्पा, ज्याने वही ठेवलीच नाही. 'देशपांड्यांचा शर्ट' ही एक विद्या, 'शिंद्यांचा शर्ट' ही दुसरी, असं त्याने पाठ केलं. दहा गिऱ्हाइकांपर्यंत हे निभेल. शंभराव्याला गोंधळ उडेल. आणि कॉलर शिवण्याची पद्धत बदलायची ठरली, तर शंभर विद्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागतील.

ड्रायव्हर म्हटलं की आपल्याला एसटीचा ड्रायव्हर आठवतो. संगणकातला ड्रायव्हर हा प्रोग्रॅमचा एक तुकडा असतो. डिस्क, कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांच्याशी प्रत्यक्ष बोलण्याचं काम त्याचं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, 'हे अक्षर पाठव'. कोणत्या चिपच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला म्हणजे ते जाईल, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. पण या ड्रायव्हरचेही दोन भाग पडतात. चिप कशी चालते हा एक. ती या विशिष्ट यंत्रात कुठे आणि कशी बसवली आहे हा दुसरा. पहिला भाग म्हणजे शिंप्याचा हात, दुसरा म्हणजे त्याची वही.

ही वही पहिल्यांदा वेगळी काढणाऱ्यांत एक मोठं नाव आहे गॅरी किल्डॉल यांचं. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते शिकवत आणि इंटेल कंपनीला सल्ला देत. १९७४ मध्ये शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावात त्यांनी फ्लॉपी डिस्कवर चालणारी आपली ऑपरेटिंग सिस्टीम चालवून दाखवली. तिचं नाव सीपी/एम. डिस्क आणि संगणक यांच्यामधला जोडणारा भाग, म्हणजे कंट्रोलर, त्यांचे मित्र जॉन टोरोडी यांनी बांधला होता.

प्रणाली चालली, मागणी आली आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. प्रत्येक उत्पादकाचा कंट्रोलर वेगळा होता. प्रत्येक नव्या यंत्रासाठी किल्डॉल प्रणालीच्या आत हात घालत, डिस्कशी संबंधित ओळी शोधत, बदलत आणि पुन्हा सगळं तपासत. १९७६ च्या सुमारास इमसाय नावाच्या कंपनीला सीपी/एम हवी झाली. डिस्क जोडलेली यंत्रं तिने आधीच विकली होती आणि ऑपरेटिंग सिस्टीम मागाहून देण्याचं वचन गिऱ्हाइकांना दिलं होतं. तिथे काम पाहणारे ग्लेन ईविंग किल्डॉल यांच्या परिचयाचे होते. पुन्हा तीच उठाठेव करण्याचा किल्डॉल यांना कंटाळा आला होता. मग दोघांनी बसून प्रणालीचे तुकडे पाडले. यंत्राशी संबंध असलेलं सगळं एका लहान भागात काढलं. त्या भागाला नाव मिळालं बायॉस. फाइली सांभाळणारा मोठा भाग सगळीकडे एकच राहिला.

हा बायॉस किती लहान होता? १९७९ च्या सीपी/एम २.२ मध्ये त्याची फक्त सतरा कामं ठरलेली होती. कळ दाबली गेली का ते सांग, अक्षर पडद्यावर टाक, डिस्कचा अमुक भाग वाच, तमुक भागात लिही, अशी. ही सतरा कामं आपल्या यंत्रावर कशी होतात एवढं उत्पादकाने लिहून द्यायचं, की सीपी/एम चालू. त्यामुळे शेकडो प्रकारच्या यंत्रांवर ती पोचली.

पण त्यातही एक धडा शिल्लक होता. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये मोठ्या, समान भागाच्या पोटात एका विशिष्ट फ्लॉपीची मापं जाऊन बसली होती. आठ इंची फ्लॉपी, तिच्यावर ७७ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे २६ तुकडे, प्रत्येक तुकड्यात १२८ बाइट. म्हणजे सगळी मिळून अडीच लाख बाइट. त्या काळी सर्वांकडे तीच फ्लॉपी असल्याने ही मापं कोणाला खटकली नाहीत. पुढे लहान फ्लॉप्या आल्या, हार्ड डिस्क आल्या आणि ती मापं टोचू लागली. तेव्हा सीपी/एमच्या दुसऱ्या पिढीत किल्डॉल यांनी डिस्कची मापं समान भागातून उचलली आणि बायॉसमधल्या एका तक्त्यात ठेवली. नवी डिस्क आली तर तक्ता बदला, प्रणाली तीच. शिंप्याच्या वहीचं हे अगदी नमुनेदार पान. मला यातलं विशेष वाटतं ते असं, की सीमारेषा आखणाऱ्या माणसाच्या हातूनही तपशील आत राहून गेला होता. जे आज सगळीकडे सारखं दिसतं, ते नेहमीच सारखं राहणार असं आपण धरून चालतो.

आता दुसरी गोष्ट, ही रेषा ओलांडल्याची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यातही बायॉस होता, एका चिपमध्ये कायमचा कोरलेला. पडद्यावर अक्षर टाकायचं तर प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीमला किंवा बायॉसला सांगावं, अशी रीत होती. पण ती वाट संथ होती. पडद्यावरची अक्षरं मेमरीत एका ठरलेल्या पत्त्यावर असतात हे प्रोग्रॅमरांना कळलं. मग मधल्या माणसाला कशाला विचारायचं? त्यांनी थेट त्या पत्त्यावर लिहायला सुरुवात केली. १९८३ च्या जानेवारीत आलेला लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम असाच थेट लिहायचा. तो झपाट्याने चालायचा आणि म्हणूनच तुफान खपला.

त्या प्रोग्रॅमरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्यासमोरचं यंत्र मंद होतं आणि गिऱ्हाईक घाईत होतं. त्यांची गरज खरी होती. फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाटलं. टँडी कंपनीने १९८३ मध्ये टँडी २००० नावाचं यंत्र काढलं. त्यातला प्रोसेसर आयबीएमच्या यंत्रापेक्षा वेगवान होता आणि ऑपरेटिंग सिस्टीम तीच, एमएस-डॉस. कागदावर सगळं जुळत होतं. पण त्याची आतली मांडणी वेगळी होती आणि लोकांना हवे असलेले प्रोग्रॅम आयबीएमची मांडणी गृहीत धरून लिहिलेले होते. डीईसीचं रेनबो, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्रोफेशनल, यांचीही तीच गत झाली. तरले ते कॉम्पॅकसारखे, ज्यांनी आयबीएमची मांडणी जशीच्या तशी उतरवली. एमएस-डॉस चालते एवढं पुरेसं राहिलं नाही. यंत्र 'आयबीएम कम्पॅटिबल' हवं, असं बाजारच म्हणू लागला.

याचा आणखी एक काच आपल्यापैकी अनेकांनी सोसला आहे. त्या प्रोसेसरला एकूण एक मेगाबाइट मेमरीचे पत्ते देता येत. आयबीएमने ६४० किलोबाइटच्या पुढची जागा पडदा आणि बायॉस वगैरेंसाठी राखून ठेवली. एका यंत्राची ही सोय, पण सगळ्या जगाने ती गृहीत धरली. यंत्रात कितीही मेमरी घातली तरी ६४० ची ती भिंत पुढे दहा-बारा वर्षं हटली नाही.

छपाईची कथाही त्याच काळातली. डॉसवर प्रत्येक प्रोग्रॅम आपापले प्रिंटर-ड्रायव्हर घेऊन यायचा. वर्डस्टार बसवताना प्रिंटरची यादी समोर यायची. त्यात आपला नसला की जवळचा एखादा निवडून नशिबावर हवाला. आणि दुसरा प्रोग्रॅम बसवला की तीच कसरत पुन्हा. विंडोजने हा ड्रायव्हर एका जागी आणला आणि घरोघरची ही कटकट मिटली.

गॅरी किल्डॉल १९९४ मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी गेले. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संघटनेने त्यांच्या कामाची स्मृतिपट्टी लावली. तिच्यावर सीपी/एमबरोबर बायॉसचाही उल्लेख आहे.

तिसरी गोष्ट आपल्या खिशातल्या यंत्राची. १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स लिहायला घेतली, ती स्वतःच्या ३८६ संगणकासाठी. ती दुसऱ्या यंत्रांवर नेता येण्याजोगी नाही, असं त्याने त्या वर्षी स्वतःच जाहीर केलं होतं. पण पुढच्या चार वर्षांत ती वेगळ्या जातीच्या प्रोसेसरांवर गेली आणि त्या निमित्ताने तिच्यातला समान भाग आणि यंत्राचा भाग वेगळे झाले. १९९४ मध्ये रसेल किंग यांनी ती आर्म या प्रोसेसरावर नेण्याचं काम सुरू केलं.

आर्मचा मामला निराळा आहे. आर्म ही इंग्लंडमधल्या केंब्रिजची कंपनी प्रोसेसरचा आराखडा विकते. तो घेऊन चिप बनवणारा प्रत्येक जण त्याच चिपवर आपल्या मर्जीप्रमाणे घड्याळं, पोर्ट आणि इतर उपकरणं बसवतो. पीसीमध्ये १९९२ पासून पीसीआय नावाची जोडणी आली. तिच्यावरचं प्रत्येक कार्ड विचारल्यावर आपलं नाव-गाव सांगतं, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक. आर्मच्या चिपवरची बहुतेक उपकरणं मुकी असतात. ती कुठे आहेत हे कोणीतरी आधी सांगावं लागतं.

सर्वांत जुन्या ओळखीचं उदाहरण घेऊ, सीरियल पोर्टचं. जुने मोडेम ज्याला जोडायचे तो. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची ८२५० ही चिप पीसीत होती आणि तिचे वंशज आजही असंख्य यंत्रांत आहेत. तिच्यात आठ लहान कप्पे असतात. पीसीमध्ये ते एकाला लागून एक होते आणि तिला ठोके देणारं घड्याळ सेकंदाला १८,४३,२०० ठोक्यांचं. या ठोक्यांना आधी १६ ने आणि मग आपण दिलेल्या आकड्याने भागलं की वेग मिळतो. सेकंदाला ९६०० बिट हवे असतील तर आकडा १२. आता समजा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने '९६०० म्हणजे १२' असंच लिहून टाकलं. दुसऱ्या बोर्डावर हीच चिप आहे, पण घड्याळ २ कोटी ४० लाख ठोक्यांचं. तिथे १२ टाकले तर वेग होतो १,२५,०००. पलीकडच्या टोकाला नुसता कचरा पोचतो. तिथे आकडा हवा साधारण १५६. शिवाय त्या बोर्डावर कप्पे चार-चार घरं सोडून असतील, तर ड्रायव्हर भलत्याच कप्प्यात हात घालतो.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे ड्रायव्हरमध्ये लिहायचं, 'अमुक बोर्ड असेल तर १५६, तमुक असेल तर १२'. दुसरी म्हणजे ड्रायव्हरने विचारायचं, 'घड्याळ किती ठोक्यांचं? कप्प्यांत अंतर किती?' आणि भागाकार स्वतः करायचा. पहिली वाट दहा मिनिटांची आहे. दुसरीला अर्धा दिवस लागतो. काम उद्या द्यायचं असेल तर बहुतेक जण कोणती धरतात, हे सांगायला नको.

आर्म-लिनक्समध्ये बोर्डाचा तपशील ड्रायव्हरबाहेर होता खरा, पण तोही प्रोग्रॅम म्हणून लिहिलेला होता. प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र फाइल आणि प्रत्येक बोर्डाला नोंदणी क्रमांक. स्मार्टफोनच्या लाटेत हे क्रमांक हजारांच्या घरात गेले. एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा फाइली साचल्या. ज्या चिपसाठी प्रणाली बांधली, तिच्याखेरीज दुसरीकडे ती बहुधा चालत नसे. २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला. या फाइली निव्वळ गर्दी करत आहेत, हे त्यांनी जाहीरपणे आणि बऱ्याच कडक शब्दांत सुनावलं.

उपाय मात्र नवा शोधावा लागला नाही. तो वीस वर्षांपूर्वीच्या माळ्यावर पडून होता. सन कंपनीत मिच ब्रॅडली यांनी यंत्र सुरू करणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि १९८९ च्या स्पार्कस्टेशनमध्ये तो होता. सुरू होताना तो यंत्राचा वंशवृक्ष ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देई. कोणत्या जोडणीवर कोणतं उपकरण, त्याचा पत्ता काय, हे सगळं त्यात लिहिलेलं. १९९४ मध्ये त्याचं 'ओपन फर्मवेअर' नावाने प्रमाण ठरलं. ॲपलच्या पॉवरपीसी यंत्रांत ते होतं. गरीब देशांतल्या मुलांसाठी काढलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्येही होतं. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या छोट्याशा शाळेत मुलांच्या हाती हे लॅपटॉप पडले होते. ते सुरू होताना ही वंशवृक्षाची वहीच उघडत होती, हे तिथे कोणाच्या गावीही नसेल. असायचं कारणही नव्हतं.

हाच वंशवृक्ष, डिव्हाइस ट्री या नावाने, लिनक्सच्या पॉवरपीसी आवृत्तीत आधीपासून होता. २०११ पासून तो आर्मकडे आणला गेला. ग्रँट लाइकली यांनी त्याचा पाठपुरावा केला. आर्न्ड बर्गमन, ओलोफ जोहान्सन यांनी विखुरलेल्या फाइली एका शिस्तीखाली आणल्या. डिसेंबर २०१२ च्या लिनक्स ३.७ पासून वेगवेगळ्या उत्पादकांच्या आर्म चिपांवर एकच बांधणी चालू शकेल, अशी सोय झाली. बोर्डाचा तपशील आता प्रोग्रॅम राहिला नाही, ती झाली वहीतली नोंद. तिच्यात उपकरणाची ओळख विशेषाकडून सामान्याकडे लिहितात. हे अमुक कंपनीचं अमुक मॉडेल, ते ओळखीचं नसेल तर नेहमीच्या चिपसारखं वागव. शिंप्याला चिठ्ठी द्यावी तसं, नवी फॅशन जमत नसेल तर साधा शर्ट शिव.

यात सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. वहीचीही शिस्त असते. यंत्र कसं आहे एवढंच तिच्यात लिहायचं; प्रणालीने कसं वागावं हे लिहायला लागलं की वहीही नासते. नोंदीची पद्धत एकदा ठरली की बदलणं अवघड, कारण जुन्या यंत्रातली वही नव्या प्रणालीने वाचली पाहिजे. आणि काही चिपा सदोषच जन्मतात. त्यांच्यासाठी ड्रायव्हरमध्ये अपवाद लिहावाच लागतो. पण तो अपवाद म्हणून, नाव लावून, एका जागी लिहिलेला असावा.

आता माझ्या खणातल्या फोनकडे येऊ. लिनक्सचा समान भाग सुधारला, तरी अँड्रॉइड फोनच्या बाबतीत दुसरंच घडत राहिलं. चिप बनवणाऱ्याने लिनक्सची एक प्रत घ्यायची, तिच्यात आपल्या चिपसाठी लाखो ओळी घालायच्या, फोन बनवणाऱ्याने त्यावर आणखी भर घालायची आणि फोन विकून मोकळं व्हायचं. मूळ लिनक्स पुढे जाते. ही प्रत जिथल्या तिथे गोठते. तिला पुढे आणायचं तर त्या लाखो ओळी पुन्हा बसवायच्या, आणि त्यासाठी पगार द्यायला कोणी तयार नसतं. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून 'ट्रेबल' नावाने प्रणालीचा समान भाग आणि उत्पादकाचा भाग वेगळे करायला घेतले. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ च्या वेळी प्रणालीच्या गाभ्याचीही एकच समान प्रत आणि चिपचा तपशील बाहेरच्या तुकड्यांत, अशी घडी घातली. १९७६ मध्ये किल्डॉल आणि ईविंग यांनी केलं, तेच हे काम. त्यानंतर फोनना मिळणाऱ्या सुधारणांची मुदत लांबली, त्यात या कामाचाही वाटा आहे. माझा फोन त्याआधीचा.

श्रोतेहो, पुण्यात, मुंबईत, नाशिकला आज अनेक तरुण याच क्षेत्रात काम करतात. त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल तर एवढंच सांगेन. समान भागात एका यंत्राची एक ओळ घातल्याने त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काम होतं, साहेब खूश होतात. तिचा खर्च पुढे येतो आणि तो लिहिणाऱ्याला सोसावा लागत नाही. तो टँडीच्या वाट्याला येतो, पाच वर्षांनी तीच फाइल उघडणाऱ्या मुलीच्या वाट्याला येतो आणि धडधाकट फोन खणात टाकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतो. म्हणून ओळ लिहिण्याआधी एकदा विचारावं, ही गोष्ट चिपची आहे की या एका बोर्डाची? बोर्डाची असेल तर वही उघडावी आणि तिथे लिहावी. अर्धा दिवस जातो, पण तो वाया जात नाही.